कॅसेटी पेनड्राइव्हवर करून देणारं बेळगावातलं दुकान: पाचपैकी चार, पण तंबोरा सांभाळा

आधी कामाचं सांगते, मग बाकीचं. बेळगावात जुन्या कॅसेटी डिजिटल करून देणारं कोणी आहे का म्हणून मी दोन महिने विचारत होते आणि ज्याला विचारावं तो म्हणायचा पुण्याला पाठवा. शेवटी खडेबाजारातून आत एका बोळात टीव्ही-मिक्सर रिपेरीचं एक दुकान सापडलं, बोर्डावर वर मोठं कन्नड, खाली बारीक मराठी आणि कॅसेटचा उल्लेख दोन्हीत नाही, त्यामुळे समोरून चार वेळा गेले असेन पण कळलं नव्हतं. 31 कॅसेटी दिल्या, 29 परत मिळाल्या, दोन अजून तिथंच आहेत. कॅसेटमागं 150 रुपये, सात कॅसेटी उघडून दुरुस्त कराव्या लागल्या त्यांचे वर 80-80, मिळून 4,910 झाले, वरचे दहा सोडले. आठ दिवस म्हणाले होते, लागले पाच आठवडे. त्या पाच आठवड्यांत जे झालं ते सांगायचं म्हणून हे एवढं लांबण लावलंय.

कॅसेटी बाबांच्या. बाबा खानापूर तालुक्यातल्या शाळांत मास्तर होते आणि पगारातनं घेतलेल्या पहिल्या टू-इन-वनवर (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) त्यांनी आयुष्यभर एकाच माणसाला भरून ठेवलं, शास्त्रीय गायक कुमार गंधर्व. थोड्या एचएमव्हीच्या विकतच्या, बऱ्याचशा सांगली आणि धारवाड रेडिओवरनं उतरवलेल्या, आणि सात-आठ मैफिलींच्या, म्हणजे कोणी तरी कुठं तरी समोर बसून रेकॉर्ड केलं, त्याची कॉपी दुसऱ्यानं केली, त्याची बाबांनी. अशी तिसऱ्या हाताची कॅसेट म्हणजे घोंगडं पांघरून गायल्यासारखी. (विकतच्या कॅसेटींवर पैसे घालवू नका बरं का, त्यातलं बहुतेक आता ऑनलाइन ऐकायला मिळतं. मी घातले, कारण बाबांचं अक्षर असलेली कुठलीच बाजूला काढवेना. तो माझा मूर्खपणा, दुकानाचा नाही.)

दुकानात दोघं. एक काका, साठीच्या पुढचे, चष्म्याला दोरी. दुसरा त्यांचा भाचा, कॉम्प्युटरवर तो. पहिल्या दिवशी बिस्किटाचा खोका टेबलावर ठेवला तर काकांनी एकेक काढून लेबलं वाचायला सुरुवात केली, कुमारजी, कुमारजी, कुमारजी, मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सगळी आमच्या सुळेभावीच्या पोराचीच आणलाय की ओ!" भाच्यानं मान वर न करता विचारलं, "यार री इवरु?" काका म्हणाले, "नम्मवरा." कोण हे, तर आपलेच. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं आणि तो परत मोबाईलमध्ये.

सुळेभावी म्हणजे आपल्या मिरज लाईनवरचं स्टेशन, इथनं गाडीनं अर्धा तास. तिथं 8 एप्रिल 1924 ला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळी जन्मला. घरात कन्नड, वडील गाणारे आणि बालगंधर्वांचे भक्त, म्हणजे कानावर मराठी नाटकाची पदं. आपल्या भागात ही काही विशेष गोष्ट नाही, आमच्या गल्लीत अजून अशी चार घरं सापडतील. विशेष हे की हा पोरगा सहा-सात वर्षांचा असताना मोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून जशाच्या तशा म्हणायला लागला. लोक बघायला यायचे. कुमार गंधर्व हे नाव एका मठाच्या स्वामींनी तेव्हाच दिलेलं, पुढं ते इतकं चिकटलं की शिवपुत्र कोण हे विचारायची पाळी आली. 1936 ला मुंबईत जिना हॉलमध्ये हे बारा वर्षांचं पोर गायलं आणि मोठे मोठे उस्ताद बघत राहिले, ही गोष्ट बाबांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलीय की मला आपण स्वतः तिथं होतो असं वाटतं.

मग देवधर मास्तर. प्रोफेसर बी. आर. देवधरांची मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ शाळा होती आणि तिथं सगळ्या घराण्यांची माणसं यायची-जायची. मला वाटतं कुमारजी पुढं जे झाले त्याचं अर्धं बी तिथंच आहे, कारण एका घराण्याच्या घरात वाढलेल्या पोराला दुसरीकडचं उचलताना चोरी केल्यासारखं वाटतं, याला तसं कधी वाटलंच नाही.

आता दुकानाकडं. काकांचं काम बघण्यासारखं आहे आणि चारपैकी तीन स्टार मी त्यांनाच दिलेत. कॅसेटच्या आत टेपला हेडवर (मशीनचा टेपवरचा आवाज वाचणारा भाग) दाबून धरणारा फेल्टचा बारका तुकडा असतो, जुन्या कॅसेटीत तो गळून पडतो आणि मग आवाज येतो-जातो. ते त्यांनी पाच कॅसेटींत बदलले. दोन कॅसेटी स्क्रूच्या नव्हत्याच, चिकटवलेल्या, त्या ब्लेडनं फोडून टेप दुसऱ्या खोक्यात घातली. प्रत्येक कॅसेट लावायच्या आधी हेड स्पिरिटनं पुसणार, कापूस काळा झाला की मला दाखवणार, "हे बघा, तुमचे कुमारजी." आणि हेडजवळचा एक बारका स्क्रू कानानं ऐकत ऐकत फिरवणार, एक चतुर्थांश आटा इकडं, एक तिकडं, आणि अचानक घोंगडं निघतं. खरंच निघतं, मी समोर उभी होते. ज्या मशीनवर कॅसेट भरली त्याचं हेड तिरकं असेल तर वाजवणाऱ्या मशीनचंही तेवढंच तिरकं करावं लागतं, एवढं साधं आहे ते, पण घरबसल्या यूएसबीचा स्वस्तातला प्लेअर घेऊन करणाऱ्यांना (मी घेतला होता, 1,400 रुपये पाण्यात) हे जमत नाही.

अजून एक गंमत. एका मैफिलीच्या कॅसेटला बी साईडच्या शेवटी कुमारजींचा आवाज वर वर चढत जातो, मला लहानपणापासनं वाटायचं काय सूर लावलाय. काका हसायला लागले. सेल उतरले होते! रेकॉर्ड करणाऱ्याच्या मशीनमधले सेल संपत आले, टेप हळू फिरली, आणि आपण ती नेहमीच्या स्पीडनं वाजवली की आवाज बारीक. चाळीस वर्षं मी उतरलेल्या सेलांना दाद देत होते. ते भाच्यानं कॉम्प्युटरवर सरळ करून दिलं, त्याचं कौतुक.

पण घोळही त्यानंच घातला. तीन आठवड्यांनी पहिला पेनड्राइव्ह मिळाला, घरी लावला तर 611 फाइली. एकतीस कॅसेटींतल्या 29, त्याच्या 611? एक उघडली, अकरा सेकंद. दुसरी चाळीस सेकंद. आणि आवाज इतका स्वच्छ, इतका स्वच्छ की कुमारजी बाथरूममध्ये एकटे गात असावेत. पाच मिनिटं मला कळेना काय गेलंय. मग कळलं, तंबोरे गेलेत.

झालं असं की साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी खरखरीचा नमुना दाखवावा लागतो, म्हणजे जिथं गाणं नाही असा तुकडा निवडायचा आणि सांगायचं की हे जे आहे ते सगळीकडनं काढ. भाच्यानं गाणं सुरू व्हायच्या आधीचा तुकडा निवडला. आता कुमारजींच्या मैफिलीत गाणं सुरू व्हायच्या आधी काय असतं? दोन तंबोरे. एकसारखे, न थांबता. मशीनला वाटलं हाच कचरा, आणि त्यानं इमानदारीनं पुसून टाकला. पुढचं त्याहून भारी. तंबोरा गेला म्हटल्यावर कुमारजी जिथं थांबतात तिथं ठार शांतता आली, आणि सॉफ्टवेअरला सांगून ठेवलेलं की दोन सेकंद शांतता आली की गाणं संपलं, नवी फाइल कर. कुमारजी तर थांबतातच. एक स्वर टाकतात, सोडून देतात, तुम्ही वाट बघता, आणि मग कुठून तरी वरनं एकदम तो दुसरा येतो. त्यामुळं प्रत्येक थांब्याला एक फाइल!

मी पेनड्राइव्ह घेऊन तिरीमिरीत दुकानात. भाचा म्हणतो, "अक्का, नॉइज काढलोय की, फ्री मध्ये." काकांनी हेडफोन लावला, दहा सेकंद ऐकलं, काढला, आणि पोराच्या टाळक्यात ठेवायचीच बाकी ठेवली. "अरे तंबोरा हाय तो, फॅन न्हवं!"

हे वाक्य मी फ्रेम करून लावणार आहे. कारण कुमारजींच्यात तंबोरा म्हणजे मागचा पडदा नाहीच. तंबोरे लावण्यात ते किती वेळ घालवायचे याच्या गोष्टी जुनी माणसं अजून सांगतात, आणि ते जे मध्ये थांबतात तेव्हा तुम्ही तंबोराच ऐकत असता, त्यांनी सोडलेला स्वर त्यात विरघळताना ऐकता. वसंतराव आचरेकरांचा तबलाही तसाच, साधा ठेका धरून, मध्ये मध्ये न करता. जागा मोकळी ठेवायची. मशीननं नेमकी तीच जागा झाडून काढली.

आणि ही जागा कुठनं आली ते सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. 1947 ला लग्न झालं, बायको भानुमती, देवधरांकडं शिकलेल्या. आणि लगोलग टीबी. त्या काळी टीबी म्हणजे काय हे आपल्या घरातल्या जुन्यांना विचारा. कोरडी हवा पाहिजे म्हणून 1948 च्या जानेवारीत मध्य प्रदेशात, माळव्यात देवासला गेले. पाचएक वर्षं अंथरुणाला खिळून, गायचं नाही, पोटापाण्याला भानुताई शाळेत नोकरी करणार. शेवटी स्ट्रेप्टोमायसीन हे नवीन औषध आलं म्हणून माणूस वाचला, पण एक फुफ्फुस जवळजवळ गेलेलं. 1953 च्या सुमारास परत गायला लागले तेव्हा लोकांना जुना जादूचा पोरगा हवा होता आणि समोर भलताच कोणी तरी बसला होता.

पडल्या पडल्या त्यांनी केलं काय, तर ऐकलं. खिडकीतनं येणारी बायकांची लग्नातली, न्हाणाची, पावसाची मालवी गाणी, दारावरून जाणारे नाथपंथी गाणारे. शेकड्यांनी लोकधुना गोळा केल्या, लिहून काढल्या. आणि मग म्हणाले की राग काही आकाशातनं पडलेले नाहीत, ते या धुनांतनंच आलेत, तर मग अजूनही येऊ शकतात. धुन-उगम राग म्हणतात ते हेच. संजारी, मालवती, मधसुरजा, सहेली तोडी, ही सगळी माळव्यातल्या चार-पाच सुरांच्या गाण्यांतनं काढलेली. यातलं मधसुरजा मला ऐकवत नाही खरं सांगते, त्यातल्या बंदिशीत बळी द्यायला नेलेली बकरी विनवते आहे, घरी माझं पिल्लू एकटं आहे म्हणून. आपल्याकडच्या जत्रा बघितलेल्या माणसाला ते फार जवळनं लागतं. बाबा ती कॅसेट आली की उठून बाहेर जायचे पण बंद करू द्यायचे नाहीत.

आजकाल फ्यूजन म्हटलं की गिटार आणि ड्रम डोळ्यापुढं येतो. कुमारजींनी एक वाद्य वाढवलं नाही, तेच दोन तंबोरे, तबला, पेटी, आणि मिसळलं किती बघा: ख्याल, टप्पा, ठुमरी, माळव्याची लोकगीतं, नाथांची निर्गुणी भजनं, कबीर, सूरदास, मीरा, तुकोबा, बालगंधर्वांची नाट्यपदं, भा. रा. तांब्यांच्या कविता. नुसत्या पावसाच्या गाण्यांचा अख्खा कार्यक्रम 'गीतवर्षा', मग हेमंताचा, वसंताचा. 'मला उमजलेले बालगंधर्व' करून तर त्यांनी मराठी माणसाच्या गळूलाच हात लावला, लोकांना नक्कल पाहिजे होती आणि ज्या पोरानं सातव्या वर्षी सगळ्यांच्या नकला करून दाखवल्या त्यानं चाळिशीत नक्कल करायला नकार दिला. शुद्धतावाले चिडले. विलंबित, म्हणजे संथ लयीचं गाणं, नीट नाही म्हणाले, घराणं नाही म्हणाले. काहीजण म्हणतात फुफ्फुस गेलं म्हणून तुकड्यातुकड्यात गायले. मला हे अर्धंच पटतं. बाबांच्या 14 नंबरच्या कॅसेटीत द्रुत, म्हणजे जलद लयीचं, आहे, त्यात अशी काय तान फेकलीय की दोन फुफ्फुसांचा माणूस धापा टाकेल. श्वास कमी होता म्हणून थांबले असतील, पण कुठं थांबायचं ते डोकं ठरवत होतं.

निर्गुणी भजनांबद्दल बोलायचं तर रात्र जाईल. एवढंच सांगते की सौंदत्तीच्या वाटेवर चौंडकं घेऊन जाणारे जोगते आणि कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफांची तत्त्वपदं एकतारीवर म्हणणारे लोक लहानपणी ऐकलेत त्या आपल्यासारख्यांना देवासच्या नाथांचा तो उंच फेकलेला, कोणालाही न रिझवणारा आवाज परका वाटत नाही. सुळेभावीत लहानपणी त्यांनी असलं काही ऐकलं असेल का? मला आपलं उगाच वाटतं की असेल.

पुढचं थोडक्यात. भानुताई 1961 मध्ये बाळंतपणात गेल्या. मग वसुंधरा श्रीखंडेंशी लग्न, त्या स्वतः गाणाऱ्या, निर्गुणी भजनांत मागे जो बाईचा आवाज ऐकू येतो तो त्यांचा. मुलगा मुकुल शिवपुत्र, मुलगी कलापिनी, नातू भुवनेश, सगळे गाणारे. 1977 ला पद्मभूषण, 1990 ला पद्मविभूषण. 12 जानेवारी 1992 ला देवासमध्येच गेले. पुलं त्यांचे जवळचे, आणि पुलं इथं आरपीडी कॉलेजात काही काळ शिकवायला होते हे टिळकवाडीत जन्मलेला प्रत्येक माणूस पाहुण्याला पहिल्या दहा मिनिटांत सांगतो, तसं मीही सांगून घेतलं. अशोकनगरात कुमार गंधर्व रंगमंदिर आहे. पण शाळेतल्या पोरांना ते हॉलचं नाव वाटतं, माणसाचं नाही, माझी भाची परवा म्हणाली "मावशी, त्यांनी तो हॉल बांधला काय?"

तर दुसरी फेरी. काकांनी सगळ्या 29 परत वाजवल्या, पैसे नाही घेतले, आणि यावेळी मी तिथं कागदावर लिहून दिलं. तुम्हीही द्या, म्हणून सांगते. एक, काहीही साफ करू नका, खरखर राहू दे. दोन, फाइल कापू नका, एक साईड एक फाइल. तीन, एमपीथ्री नको, वेव्ह फाइल द्या, जागा जास्त लागते पण माझ्या सगळ्या मिळून 20 जीबीच्या आसपास झाल्या, 32 चा पेनड्राइव्ह पुरतो. एमपीथ्री नंतर घरी कधीही करता येते, उलटं होत नाही. चार, लेबलचा फोटो प्रत्येक फोल्डरमध्ये. हे चौथं भाच्यानं स्वतःहून सुचवलं आणि अगदी नीट केलं, बाबांच्या अक्षरातले कागदी इनले दोन्ही बाजूंनी, मराठीत गाण्याचं नाव, कन्नडमध्ये कोणाकडनं कॉपी केली त्याची नोंद. बाबा हिशेबाचं सगळं कन्नडमध्ये लिहायचे, हे मी विसरलेच होते.

आता ऐकते तेव्हा पाऊस पडल्यासारखी बारीक खरखर आहे, रेडिओवरनं घेतलेल्यांत मध्येच धारवाडची निवेदिका कन्नडमध्ये वेळ सांगते, एकात आमच्या कुकरची शिट्टी आहे, आणि तंबोरे आहेत. भाच्याला परत गेले तेव्हा विचारलं, ऐकलंस का काही? म्हणाला, "एक ऐकलो अक्का. ते मध्ये मध्ये थांबूलालेत, तवा मला वाटूलालं फाइल अडकली." मी हसले. तो म्हणाला, "मग कळलं अडकली न्हाई." बास, एवढंच बोलला.

एक स्टार कापला तो वेळेसाठी आणि पहिल्या फेरीत न विचारता साफसफाई केली त्यासाठी. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत तेही आहे. पार्किंग विसरा, गाडी लांब लावून चालत या, शनिवारी तर बोळात शिरताच येत नाही. सकाळी अकराच्या आत काका नसतात, दुपारी दोन ते चार बंद. फोन उचलत नाहीत, मेसेजला उत्तर भाचा देतो, तेही इमोजीत. मैफिलींच्या, रेडिओच्या, घरातल्या आवाजांच्या कॅसेटी असतील तर डोळे झाकून इथं द्या, फक्त तो कागद द्यायला विसरू नका.

राहिलेल्या दोन कॅसेटींना बुरशी लागलीय, टेपवर पांढरी पूड. आमच्या माळ्यावर आपला बेळगावचा पाऊस चार-चार महिने झिरपायचा, दुसरं काय होणार. त्यातली एक कुठली, तर बाबांनी भरलेली गीतवर्षा. ती आत्ता लावली तर टेप हेडला चिकटून तुटेल म्हणाले काका, हवा कोरडी झाली की हातानं पुसत पुसत एकदाच वाजवायची, दुसरा चान्स मिळणार नाही. "पाऊस उघडू दे ओ ताई, मग बघू तुमची गीतवर्षा." अजून उघडलेला नाही.